मेडिकल स्कूलच्या इंटरव्ह्यूसाठी कॉलेजात कुठले कोर्स घ्यावेत

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू अमेरिकेत बायॉलॉजी मेजर करतोयस, सेकंड इयर संपत आलंय, प्रीरेक्विझिट्स (मेडिकलसाठी सक्तीचे कोर्स) बऱ्यापैकी मार्गी लागलेत आणि अप्लाय करायच्या आधी तीन-चार इलेक्टिव्हना जागा आहे, तर इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल असं काय घ्यावं, बायोएथिक्स की पब्लिक स्पीकिंग की अजून काही. आणि घरचे म्हणतायत की असलं काही घेण्यापेक्षा इम्युनॉलॉजी नाहीतर ॲनाटॉमी घे, निदान ते मेडिकलचं तरी आहे. मी इंटर्नल मेडिसिनमध्ये आहे, रेसिडेंट्सना शिकवते, बऱ्याच वर्षांपासून ॲडमिशन कमिटीसाठी इंटरव्ह्यू घेते आणि मधे काही वर्षं प्रीमेड, म्हणजे मेडिकलला जायची तयारी करणाऱ्या, मुलांना ॲडव्हाइजही करत होते, त्यामुळे जरा लांबूनच सांगते.

आधी घरच्यांचं. आपल्या आईवडिलांच्या डोक्यात भारतातली सिस्टिम असते, नीटचा रँक आला की कॉलेज ठरलं, तुला डॉक्टर का व्हायचंय हे तिथे कुणी विचारत नाही. इथे तुला इंटरव्ह्यूला बोलावलं याचाच अर्थ कमिटीने तुझा जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी) आणि एमकॅट (इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा) बघितलाय आणि हा मुलगा अभ्यास झेपवेल असं त्यांना वाटलंय. मग त्या खोलीत अजून एका सायन्स कोर्समधल्या ए ग्रेडने काय सिद्ध होणार? तिथे बघतात ते वेगळंच, म्हणजे तू ऐकतोस का, अडचणीच्या प्रश्नावर दोन्ही बाजू धरून विचार करू शकतोस का, तुझ्या मताला कुणी विरोध केला की चिडतोस की गडबडतोस की विचार करतोस, आणि पेशंटशी माणूस म्हणून बोलशील का. इम्युनॉलॉजी आवडत असेल तर जरूर घे, मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षी त्याचा फायदा होतोच, पण ते इंटरव्ह्यूच्या खात्यात मोजू नकोस.

आता मुद्द्याचं. कोर्सचं नाव बघू नकोस, त्या वर्गात तुला आठवड्याला काय करायला लागणारे ते बघ. दोनशे मुलांच्या हॉलमध्ये बसून स्लाइड्स बघायच्या आणि शेवटी मल्टिपल चॉइस परीक्षा द्यायची असा बायोएथिक्सचा कोर्स इंटरव्ह्यूसाठी जवळपास निरुपयोगी आहे, आणि पंधरा मुलांचा, दर आठवड्याला वाचून येऊन बोलायला लावणारा, प्रोफेसर तुझं वाक्य पकडून "असं का म्हणतोयस?" विचारणारा कोर्स, तो मध्ययुगीन इतिहासावर असला तरी कामाचा आहे. इंटरव्ह्यूत जी गोष्ट कमी पडते ती माहिती नसते. मुलं माहिती पाठ करून येतात, इतकी की ऐकणाऱ्यालाही पाठ झालेली असते. कमी पडते ती सवय, आपलं मत दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने मांडायची, ते कुणी खोडून काढलं तर सुधारून परत मांडायची. ती सवय दोन आठवड्यांच्या मॉक इंटरव्ह्यूंनी लागत नाही, एकदोन सेमिस्टर जातात, आणि म्हणून कोर्स निवडताना याचा विचार करायचा.

हे नीट कळायला इंटरव्ह्यू कसे असतात ते माहीत हवं. एक म्हणजे जुना प्रकार, एक किंवा दोन इंटरव्ह्यूअर, अर्धा-पाऊण तास गप्पा, कधी तुझी फाइल त्यांनी वाचलेली असते, कधी मुद्दाम दिलेली नसते. दुसरा म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, एमएमआय. हा कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत सुरू झाला, त्यावरचा त्यांचा पहिला मोठा पेपर 2004 चा, आणि आता कॅनडात बहुतेक सगळीकडे आणि अमेरिकेतही बऱ्याच ठिकाणी हाच असतो. साधारण सहा ते दहा स्टेशन्स, बाहेर एक प्रसंग लिहिलेला, तो वाचायला दोनेक मिनिटं, मग आत जाऊन पाच ते आठ मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढच्या दारात. तो काढला त्यामागचं कारण मला फार पटतं. एकाच माणसाने एकदाच घेतलेल्या इंटरव्ह्यूत नशिबाचा भाग मोठा, इंटरव्ह्यूअरशी सूर जुळला तर मार्क जास्त, नाही जुळला तर गेलं, शिवाय एका प्रसंगात छान वागणारा माणूस दुसऱ्या प्रसंगात तसाच वागेल असं काही नसतं, म्हणून छोटे छोटे पुष्कळ नमुने घ्यायचे. तुझ्यासाठी याचा अर्थ असा की एक सुंदर पाठ केलेली गोष्ट घेऊन गेलास तर ती फार तर एका स्टेशनला चालेल, बाकीच्यांना तुला तिथल्या तिथे विचार करावा लागणार.

आता बायोएथिक्स, कारण सगळ्यात जास्त मुलं तेच विचारतात आणि सगळ्यात जास्त मुलं तेच चुकीच्या पद्धतीने वापरतात. ऑटॉनॉमी (पेशंटचा स्वतःचा निर्णय), बेनिफिसन्स (त्याचं भलं करणं), नॉन-मॅलिफिसन्स (त्याला अपाय न करणं), जस्टिस (न्याय) ही चार तत्त्वं यूट्यूबवर दहा मिनिटांत कळतात, त्यासाठी तीन क्रेडिट घालवायची गरज नाही. आणि प्रत्येक उत्तरात ती चार नावं ओळीने घेणारा उमेदवार आला की माझं पेन आपोआप खाली जातं, कारण पुढची चार मिनिटं काय येणार ते मला माहीत असतं. चांगला एथिक्सचा कोर्स देतो ते म्हणजे खरे प्रसंग, खऱ्या माणसांना खरोखर ठरवावं लागलं तेव्हा काय झालं ते.

एक उदाहरण जरा सविस्तर देते. 1960 मध्ये सिॲटलला बेल्डिंग स्क्रिबनर नावाच्या डॉक्टरने टेफ्लॉनचा शंट, म्हणजे रक्तवाहिन्यांना जोडून ठेवलेली नळी, वापरून एक अडचण सोडवली, तोपर्यंत दर वेळी डायलिसिसला नवीन रक्तवाहिनी उघडावी लागायची त्यामुळे कायमची किडनी गेलेल्या पेशंटला ते वर्षानुवर्षं देताच येत नव्हतं, शंटमुळे देता यायला लागलं. पण मशिन्स मूठभर आणि पेशंट पुष्कळ. मग 1962 मध्ये तिथे सेंटर उघडलं तेव्हा कुणाला डायलिसिस द्यायचं हे ठरवायला सात जणांची कमिटी नेमली, त्यात एक वकील होता, पाद्री, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन, सगळे निनावी. मेडिकली न बसणारे पेशंट डॉक्टरांनी आधीच गाळलेले, उरलेल्यांतून या कमिटीने निवडायचं. आणि त्यांनी काय बघितलं तर वय, लग्न, मुलं किती, नोकरी, उत्पन्न, शिक्षण, चर्चला जातो का. हे बाहेर आल्यावर साहजिकच गदारोळ झाला, लोक त्याला गॉड कमिटी म्हणायला लागले. शेवटी 1972 मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून किडनी पूर्ण निकामी झालेल्या बहुतेक सगळ्या पेशंटना, वय काहीही असो, मेडिकेअर या सरकारी विम्याखाली आणलं.

आता एमएमआयमध्ये तुला विचारलं की एक लिव्हर आहे, एकीकडे दारूमुळे लिव्हर गेलेला पंचावन्न वर्षांचा माणूस आणि दुसरीकडे दोन लहान मुलांची आई, कुणाला देशील? ज्याने फक्त तत्त्वं पाठ केलीयत तो लगेच आईला देऊन मोकळा होतो, आणि इंटरव्ह्यूअरने "का?" विचारलं की "तिच्यावर मुलं अवलंबून आहेत" म्हणतो, म्हणजे नकळत तो त्याच कमिटीच्या खुर्चीत जाऊन बसतो. ज्याने हा इतिहास वाचून वर्गात त्यावर भांडण केलंय तो आधी थांबतो. तो विचारतो की मेडिकल अर्जन्सी कुणाची जास्त, कुणाला जास्त फायदा होईल, आणि मुलं असणं हा निकष लावला तर मूलबाळ नसलेल्या माणसाचा जीव स्वस्त ठरतो का, मग असे निर्णय पलंगाशेजारी उभ्या डॉक्टरने घ्यावेत की आधी ठरलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या नियमाने व्हावेत. शेवटी तो कुणालाही देवो, मार्क त्याला मिळतात. सिॲटलचं नाव घेतलंच पाहिजे असंही नाही, खरं म्हणजे उगाच नाव टाकलं तर शो ऑफ वाटतं, विचाराची चाल आत मुरलेली असली की झालं.

असेच टस्किगी. 1932 ते 1972, म्हणजे चाळीस वर्षं, यूएस पब्लिक हेल्थ सर्व्हिसने अलाबामातल्या सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर स्टडी केला, त्यातल्या 399 जणांना सिफिलिस होता, त्यांना खरं निदान सांगितलं नाही आणि पेनिसिलिन सर्रास मिळायला लागल्यावरही दिलं नाही. त्यातून पुढे माणसांवरच्या रिसर्चच्या नैतिक तत्त्वांचा 1979 चा बेलमाँट रिपोर्ट आला, आज कॉलेजातल्या लॅबमध्ये तू ज्या कन्सेंट फॉर्मवर सह्या घेतोस त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. आता स्टेशनवर पेशंटचं काम करणारा ॲक्टर म्हणाला की "मला डॉक्टरांवर विश्वास नाही, लस नको," तर हे माहीत असलेला मुलगा त्याला सायन्स शिकवायला जात नाही, आधी विचारतो की असं का वाटतं. तो फरक पंधरा सेकंदांत दिसतो.

कॅलिफोर्नियातली टॅरासॉफ केस पण जरूर वाच, 1976 चा निकाल. पेशंटने थेरपिस्टला सांगितलं की मी अमुक मुलीला मारणार, पुढे त्याने खरंच मारलं, कोर्टाने म्हटलं की धोक्यात असलेल्या माणसाचं संरक्षण करायची थेरपिस्टची जबाबदारी असते. कॉन्फिडेन्शिॲलिटीवरचा जवळपास प्रत्येक प्रश्न या ना त्या वाटेने इथे येतो. आणि मरणाच्या निर्णयाचे प्रश्न, त्यात जागा बदलली की कायदा बदलतो हे लक्षात ठेव. ऑरेगनमध्ये 1997 पासून आयुष्य संपवायचं औषध लिहून देता येतं पण ते पेशंटने स्वतः घ्यायचं असतं आणि आयुष्य सहा महिन्यांच्या आत उरलेलं असावं लागतं. कॅनडात 2015 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 2016 मध्ये कायदा झाला, तिथे डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर स्वतः देऊ शकतात, आणि 2021 च्या बदलानंतर मृत्यू जवळ आलेला असण्याची अट राहिली नाही. दोन्हीकडे अप्लाय करणार असशील तर हा घोळ घालू नकोस.

एथिक्स कुठल्या डिपार्टमेंटचं घ्यावं? शक्यतो फिलॉसॉफीचं. प्रीमेड मुलांसाठी खास बनवलेले जे कोर्स असतात त्यात सगळे एकसारख्या विचारांचे आणि सगळ्यांना ए हवा, त्यामुळे कुणी कुणाला विरोध करत नाही. फिलॉसॉफीच्या वर्गात एखादा भेटतो ज्याला डॉक्टर व्हायचं नाही, तुझी भीडभाड नाही आणि तो तुझं आर्ग्युमेंट फाडून टाकतो. तसला माणूस सेमिस्टरभर शेजारी बसला तर तुझं भलं आहे.

दुसरा कोर्स मी सांगीन तो हेल्थ पॉलिसी किंवा सोशिऑलॉजी ऑफ हेल्थ, यातला जो नीट शिकवला जातो तो. "आपल्या हेल्थकेअर सिस्टिममधला सगळ्यात मोठा प्रश्न कुठला?" हा प्रश्न ट्रॅडिशनल इंटरव्ह्यूत इतक्या वेळा येतो की तो माहीत नसणं म्हणजे कमालच, आणि तरीही नव्वद टक्के उत्तरं "कॉस्ट आणि ॲक्सेस" या दोन शब्दांवर संपतात (नव्वद हा माझा वैतागाचा आकडा आहे, मोजलेला नाही). 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आले, म्हातारे एकीकडे आणि गरीब दुसरीकडे, मेडिकेड राज्यांनी चालवायचं त्यामुळे राज्य बदललं की गरिबीची व्याख्या बदलते. 1986 चा एम्टाला कायदा म्हणतो की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे आहेत की नाहीत न बघता तपासा आणि स्टेबल करा, पण स्टेबल झाल्यावर पुढच्या औषधपाण्याचं काय याबद्दल तो काही म्हणत नाही, म्हणून इन्शुलिन न परवडणारा डायबेटिक परत परत त्याच दारातून येतो. 2010 चा अफोर्डेबल केअर ॲक्ट (ओबामाकेअर) काय करायला गेला आणि काय राहिलं. एवढी साखळी तुला आपल्या शब्दांत सांगता आली आणि त्यात तू व्हॉलंटियरिंग करताना बघितलेला एखादा माणूस बसवता आला तर ते उत्तर ऐकायला मजा येते. कॅनडावाल्यांसाठी 1984 चा कॅनडा हेल्थ ॲक्ट आणि त्यातली पाच तत्त्वं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात काय नाही ते, घरी घ्यायची औषधं आणि दात मुळात त्यात धरलेलेच नव्हते. 1962 मध्ये तिथल्या सस्कॅचवान प्रांतात सरकारी इन्शुरन्स सुरू झाला तेव्हा डॉक्टरच तेवीस दिवस संपावर गेले होते, हे किती डॉक्टरांना माहीत असतं देव जाणे.

सोशिऑलॉजीचा डबल फायदा आहे हे सांगायचं राहिलं, 2015 पासून एमकॅटमध्ये सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा अख्खा सेक्शन आहे, तेव्हा इंट्रो लेव्हल घेणारच असशील, मग त्याच्या पुढचा छोटा सेमिनार इंटरव्ह्यूसाठी घे. घरच्यांनाही हे कारण पटेल.

तिसरा, आणि हा लोकांना सुचत नाही, एपिडेमिऑलॉजी (आजार लोकांत कसे पसरतात त्याचा अभ्यास) किंवा चांगला बायोस्टॅटिस्टिक्स. तुझ्या फाइलमध्ये रिसर्च असेल तर त्यावर विचारणारच, आणि तिथे मुलं ज्या तऱ्हेने कोसळतात ते बघवत नाही, दोन वर्षं लॅबमध्ये काम केलेलं असतं पण "तुमचा कंट्रोल ग्रुप काय होता?" म्हटलं की शांतता. आणि नुसतं रिसर्चसाठीच नाही. समज एक आजार हजारात एकाला आहे, टेस्ट 99 टक्के सेन्सिटिव्ह (आजारी माणसांपैकी 99 टक्के पकडते) आणि 95 टक्के स्पेसिफिक (निरोगी माणसांपैकी 95 टक्क्यांना निगेटिव्ह दाखवते) आहे, पेशंटची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता त्याला आजार असायची शक्यता किती? हजार लोकांत एक खरा, आणि निरोगी 999 पैकी साधारण पन्नास जणांची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह, म्हणजे एक्कावन्न पॉझिटिव्हमध्ये खरा एकच, दोन टक्के. हे गणित येणं एक झालं, आणि घाबरलेल्या माणसाला एकही टक्का न उच्चारता हे समजावणं दुसरं, आणि एमएमआयमध्ये "कठीण गोष्ट सोपी करून सांग" असं स्टेशन असतंच. तसंच "धोका पन्नास टक्क्यांनी कमी होतो" म्हणजे कधी कधी हजारात दोनाचे एक होतात, हे ज्याला कळतं तो पेपरातली बातमी वाचून वाहवत जात नाही. शिवाय स्टॅटिस्टिक्स एमकॅसच्या (मेडिकल स्कूलचे अर्ज एकत्र घेणारी सर्व्हिस) हिशोबात मॅथ म्हणून धरतात, म्हणजे सायन्स जीपीएत जातं, फिलॉसॉफी तसं जात नाही.

मेडिकल अँथ्रोपॉलॉजी मिळालं तर सोडू नकोस. आर्थर क्लाइनमन नावाचे हार्वर्डचे सायकिॲट्रिस्ट आणि अँथ्रोपॉलॉजिस्ट, त्यांनी सत्तरच्या दशकात पेशंटला विचारायचे काही साधे प्रश्न मांडले, तुम्हाला काय वाटतं हे कशामुळे झालं, आत्ताच का झालं, यात तुम्हाला कशाची भीती वाटते, उपचारातून तुम्हाला काय हवंय. मी आजही राउंडवर हे विचारते. रोल प्ले स्टेशनला समोरचा माणूस हट्टाने औषध नको म्हणत असेल तर यातला एक प्रश्न विचारून बघ, बऱ्याचदा स्टेशन तिथेच उघडतं कारण ॲक्टरला सांगितलेलंच असतं की असं विचारलं तर खरं कारण सांग.

पब्लिक स्पीकिंगबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ज्याला चार माणसांसमोर उभं राहिलं की घाम फुटतो त्याने घ्यावं, जरूर घ्यावं, लवकर घ्यावं. पण ज्याला बोलता येतं त्याला ते अजून सफाईदार करतं, आणि सफाई हा इंटरव्ह्यूत नेहमी गुणच असतो असं नाही, भाषण ठोकल्यासारखं बोलणारे उमेदवार मला लांबून ओळखू येतात. त्याऐवजी इंटरपर्सनल कम्युनिकेशन बघ, नाहीतर थिएटर डिपार्टमेंटचा इम्प्रॉव्हचा, म्हणजे स्क्रिप्टशिवाय अभिनयाचा, क्लास. हसू नकोस. इम्प्रॉव्हमध्ये समोरचा काय बोलला ते ऐकल्याशिवाय तुला पुढचं वाक्यच सुचत नाही, आणि रोल प्ले स्टेशनला मुलं नेमकी तिथे पडतात, प्रसंग असतो की तू पार्किंगमधून गाडी काढताना शेजाऱ्याच्या गाडीला धडक दिलीस आणि आता त्याला सांगायचंय, मुलगा आत येतो, तयार केलेलं वाक्य म्हणतो, शेजारी रडायला लागतो आणि मुलगा इन्शुरन्सबद्दल बोलत राहतो. त्याला रडणं दिसतच नाही.

बाकीचं भराभर. लिटरेचरचा एखादा कोर्स तुला तसाही लागेल, बऱ्याच मेडिकल स्कूल्सना इंग्लिश किंवा रायटिंग हवंच असतं, तर आजारपण, म्हातारपण, मरण यावरचं वाचन असलेला निवड. कोलंबिया युनिव्हर्सिटीत रीटा शॅरॉन यांनी नॅरेटिव्ह मेडिसिन म्हणून हाच धागा पुढे नेला, पेशंटची गोष्ट नीट ऐकणं हे क्लिनिकल काम आहे असं त्यांचं म्हणणं, तुझ्या कॉलेजात त्या नावाचा कोर्स असेल तर बघ. स्पॅनिश घेणार असशील तर चांगलंच, पण दोन सेमिस्टरवर ॲप्लिकेशनमध्ये फ्लुएंट लिहू नकोस, इंटरव्ह्यूअर सरळ स्पॅनिशमध्ये सुरू होतात, मी होताना बघितलंय. हिस्टरी ऑफ मेडिसिन मस्त असतं, प्रोफेसर बोअर नसला तर. "इंटरव्ह्यू प्रिपरेशन" नावाचे एक क्रेडिटचे कोर्स, त्यासाठी ट्यूशन भरू नकोस, प्रीमेड ऑफिसात मॉक इंटरव्ह्यू फुकट घेतात.

ग्रेडचं भान ठेव मात्र. फिलॉसॉफीचा अपर लेव्हल सेमिनार पहिलाच फिलॉसॉफीचा कोर्स म्हणून घेतलास आणि सी आला तर तो सी एमकॅसमध्ये दिसणार, आणि मधेच सोडलास तर विथड्रॉअलही लिहावा लागतो. ऑरगॅनिक केमिस्ट्री किंवा फिजिक्स असलेल्या सेमिस्टरला पंधरा-पंधरा पानांचे पेपर लिहायला लावणारा सेमिनार जोडू नकोस. आणि ओपन फाइल इंटरव्ह्यूत "हा कोर्स का घेतलास?" असं विचारतात, "इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल म्हणून" हे खरं असलं तरी ऐकायला वाईट वाटतं, त्यामुळे ज्या विषयाबद्दल थोडी तरी खरी उत्सुकता आहे तोच घे, ती नसेल तर पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

टायमिंगवर कुणी बोलत नाही म्हणून सांगते. ॲप्लिकेशन सबमिट करायला मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सुरुवात होते आणि इंटरव्ह्यू उन्हाळा संपता संपता चालू होऊन पुढच्या वसंतापर्यंत जातात. म्हणजे तू थर्ड इयर संपताना अप्लाय केलंस तर फोर्थ इयरचा फॉल, म्हणजे उन्हाळ्यानंतरची सेमिस्टर, हा इंटरव्ह्यूचा सीझन. तेव्हा एक बोलका सेमिनार चालू असेल तर फार फायदा होतो, तोंड गरम राहतं, आणि "हल्ली काय वाचतोयस?" याला ताजं उत्तर असतं. पण त्याच कोर्समध्ये दोन ॲबसन्सनंतर ग्रेड कापणार असतील तर पंचाईत, इंटरव्ह्यू आता बरेच ऑनलाइन होतात तरी दिवस जातोच. रजिस्टर करायच्या आधी प्रोफेसरला स्पष्ट विचार, बहुतेक जण समजून घेतात, जे घेत नाहीत ते आधीच कळलेलं बरं.

आणि सिलॅबस मागव. कॅटलॉगमधल्या चार ओळींवरून काही कळत नाही. वर्गात किती मुलं, पार्टिसिपेशनला किती टक्के, पेपर आहेत की परीक्षा, पेपर परत लिहायला देतात का, ग्रुप प्रोजेक्ट आहे का (ग्रुप प्रोजेक्टला सगळे शिव्या घालतात पण "टीममध्ये मतभेद झाले तेव्हा काय केलंस?" याचं उत्तर तिथेच तयार होतं). मागच्या वर्षी घेतलेल्या एखाद्याला विचार की वर्गात कोण बोलतं, मुलं की फक्त प्रोफेसर.

कोर्स चालू असताना एक वही ठेव, लॅपटॉपवर ठेवलीस तरी चालेल. ज्या केसवर वर्गात खरंच वाद झाला ती लिहायची, तुझं मत काय होतं, आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा काय होता जो तुला अजून नीट खोडता आलेला नाही. सेमिस्टरला अशा चार-पाच नोंदी पुष्कळ झाल्या. इंटरव्ह्यूच्या आधी मुलं प्रश्नोत्तरांचे डॉक्युमेंट चाळत बसतात, तू ही वही चाळ.

तुझ्या तीन-चार जागांसाठी सांगायचं तर, थर्ड इयरच्या फॉलला एपिडेमिऑलॉजी किंवा बायोस्टॅट, कारण त्याच सुमाराला रिसर्चमध्ये डेटा हाताळायला लागशील. स्प्रिंगला फिलॉसॉफी डिपार्टमेंटचा एथिक्स, एमकॅटच्या क्रिटिकल रीडिंगच्या सेक्शनलाही त्या वाचनाची मदत होते. फोर्थ इयरच्या फॉलला हेल्थ पॉलिसी किंवा मेडिकल अँथ्रोपॉलॉजीचा सेमिनार. आणि इम्प्रॉव्ह कुठेही एक-दोन क्रेडिटचा बसला तर पास-फेल घे. घरचे अगदीच ऐकत नसतील तर इम्युनॉलॉजी फोर्थ इयरच्या स्प्रिंगला ठेव, तोवर इंटरव्ह्यू बहुतेक उरकलेले असतील आणि मेडिकल स्कूलच्या आधी हात साफ राहील. पहिल्या आठवड्यात दोन सेमिनारना जाऊन बस, ॲड-ड्रॉपची डेडलाइन उलटायच्या आधी ज्यात तुला जास्त वेळा बोलायला लागलं तो ठेव.